रक्त बादलीभर सांडलं, पण मेलं कोण?

सुरंगी (धागाकर्ती)

आधीच सांगते, धाग्यात रक्त आहे आणि काही जुन्या सिनेमांचे शेवट फुटणार आहेत. जेवत असाल तर जेवून या.

गेल्या पंधरवड्यापासून माझा भाचा आणि त्याचे चार मित्र आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला येऊन राहिलेत. इंजिनीअरिंगची सुट्टी, बाहेर धो धो पाऊस, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या, बाजारात सुक्या बांगड्यांशिवाय बघण्यासारखं काही नाही. पोरांना उद्योग हवा होता. त्यांनी मोबाइलवर शॉर्टफिल्म काढायची ठरवली. भयपट. तोही दाराच्या करकरीचा नव्हे. "मावशी, फुल्ल गोअर!" म्हणजे नुसता रक्तामांसाचा सडा.

शेजारचं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. मालक मुंबईत, गणपतीला येतात. किल्ली माझ्याकडेच असते. फोन करून विचारलं, ते म्हणाले, "करू देत, निदान खिडक्या तरी उघडतील."

गोष्ट अशी. रॉनी, टिया, सॅम वगैरे पाच जण मुंबईहून कोकणातल्या एका एकाकी बंगल्यात दारू प्यायला येतात. येताना वाटेत एका म्हाताऱ्याचा अपमान करतात. बंगल्यात आल्यावर एकमेकांशी भांडतात. मग गोणपाट डोक्यात घातलेला एक माणूस कोयता घेऊन येतो आणि बावीस मिनिटांत पाचही जण संपतात. संपलं.

रक्तासाठी माझ्या कोकम आगळाच्या दोन बाटल्या गेल्या. आगळ, साखरेचा पाक, थोडं कॉर्नफ्लोअर, वर चिमूटभर कोको. (हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'त न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं. सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे भागलं. आमच्या पोरांना लाल हवं होतं.) रंग इतका जमला की पहिल्यांदा पाहून मीच दचकले. पंधरा मिनिटांत मुंगळ्यांची रांग लागली आणि मेलेला सॅम "आई गं!" करून उठला. माझ्या मते त्या सिनेमातला तो एकच शॉट खरा होता. तो त्यांनी कापला.

रात्री ओटीवर चादर बांधून खेळ केला. वाडीतली चौदा माणसं आली. पहिल्या खुनाला थोरल्या काकी (वय ७८) म्हणाल्या, "अरे मेल्यानू, आगळ फुकट घालवलात!" तिसऱ्या खुनाला त्यांनी विचारलं, "चाय कोणाकोणाक होयी?" आणि सगळं संपल्यावर अगदी सरळ चेहऱ्याने, "रगात बादलीभर सांडला ता दिसला. पण मेलो तो कोण होतो?"

पोरं हिरमुसली. भाचा माझ्या कानात म्हणाला, "काकीआजीला हा प्रकार कळत नाही गं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. याच काकींनी पोरांना त्यांच्या माहेरच्या खाडीवरच्या तरवाल्याची गोष्ट सांगितली. पहिली पंधरा मिनिटं त्यात भुताचं नावसुद्धा नव्हतं. तो माणूस कसा होता, त्याची होडी कुठून आली, बायको माहेरी गेली की भाताबरोबर नुसतं मीठ कसा खायचा, उजव्या कानाने ठार बहिरा कसा, त्यामुळे प्रवासी त्याच्या डाव्या बाजूलाच कसे बसायचे. मग एका रात्री पलीकडच्या तीरावरून हाक आली. बायकोच्या आवाजात. तो उठला, सोडायला दोरीला हात घातला, आणि त्याच्या लक्षात आलं की हाक उजव्या कानात ऐकू येतेय.

काकी इथे थांबल्या आणि पान लावायला लागल्या. पाचही पोरांनी पाय वर घेतले होते. त्या रात्री न्हाणीकडे कुणी एकटं गेलं नाही. एक थेंब रक्त नाही, आगळ नाही.

हे डोक्यात घोळत राहिलं म्हणून धागा काढतेय. माझं म्हणणं असं, की रक्तपट फसतो तो रक्तामुळे नाही. मरणारा माणूस आपल्या ओळखीचा झालेला नसतो म्हणून फसतो. आणि तो ओळखीचा होत नाही कारण तो उसना आणलेला असतो. रॉनी, टिया, सॅम ही माणसं या पोरांनी कुठे पाहिली? कॉलेजात? घरी? छे. दुसऱ्या सिनेमात. त्या सिनेमावाल्यांनी तिसऱ्या सिनेमात.

ते गोणपाटच घ्या. मी पोरांना विचारलं, हे कुठून सुचलं? म्हणाले, "असंच." असंच नाही. १९८१ च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ' भाग दोनमध्ये जेसन या खुन्याच्या डोक्यावर एका डोळ्याला भोक पाडलेलं पोतं आहे. तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा त्याला तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये मिळाला. त्या दुसऱ्या भागातले दोन खून मारिओ बाव्हाच्या १९७१ च्या 'अ बे ऑफ ब्लड'मधल्या खुनांशी इतके जुळतात की शेजारी ठेवून बघावेत. आणि मुळात ती मालिका निघाली ती कार्पेंटरच्या १९७८ च्या 'हॅलोवीन'ने पैसा केला म्हणून. त्या 'हॅलोवीन'मध्ये रक्त जवळजवळ नाहीच! म्हणजे वेंगुर्ल्याला पोचेपर्यंत ते गोणपाट चौथ्या हाताचं झालं होतं, आणि वाटेत मूळ गोष्ट कुठेतरी सांडून गेली होती.

गंमत ही की ही पाच पोरं स्वतः किती छान आहेत! एक जण रोज रात्री नऊला आईला फोन करतो, आणि आई काय जेवली हे विचारल्याशिवाय ठेवत नाही. एकाला बेडकाची भीती वाटते, ती लपवायला तो बेडूक दिसला की गाणं म्हणतो. एक जण काकींना न विचारता त्यांच्या चष्म्याची काडी बसवून देतो. यातलं काहीही त्या सिनेमात नाही. कॅमेरा चालू झाला की ही सोन्यासारखी पोरं एकदम शिव्या देणारे, एकमेकांना टाकून बोलणारे नग होतात. का? तर "स्लॅशरमध्ये (एकेकाला कापत जाणाऱ्या खुन्याच्या सिनेमात) कॅरेक्टर्स अशीच असतात, मावशी."

तुम्हाला काय वाटतं?

आंबोलीचा_धबधबा

आगळाचे पैसे आधी वसूल करा. बाकी पुढे चालू दे, मी चटई अंथरून बसलोय.

कोयताबंद

असहमत. आणि थोडा चिडलोयसुद्धा.

स्लॅशर हा प्रकार समजून न घेता त्याला नाटकाचे निकष लावले जातात. तिथली पात्रं मरण्यासाठीच असतात. ती आगाऊ, उद्धट असली की प्रेक्षकाला अपराधी वाटत नाही, तो मजा घेऊ शकतो. ही सोय आहे, चूक नाही. आणि रक्त ही कला आहे हो. सिनेमातल्या जखमा घडवणारा टॉम सव्हिनी आधी व्हिएतनाममध्ये लष्कराचा छायाचित्रकार होता, खऱ्या जखमा पाहून आलेला माणूस. १९८० च्या पहिल्या 'फ्रायडे'त खाटेखालून गळ्यातून येणारा तो बाण आठवा. खोटी मान, खोटी छाती, नट खाटेखाली गुडघ्यावर बसलेला, फक्त डोकं वर काढलेलं. आज चाळीसहून जास्त वर्षांनी तो शॉट लोक थांबवून थांबवून बघतात. तिथे मरणारा मुलगा सज्जन होता की नाही, कुणाला आठवतंय?

सुरंगी

@कोयताबंद, कला मान्य, शंभर टक्के. पण तुम्हीच म्हणालात तसं, लोक थांबवून थांबवून बघतात. घाबरलेला माणूस थांबवून बघत नाही. ती जादूगाराच्या प्रयोगाची टाळी आहे: कसं केलं असेल बुवा! दहीहंडी फुटली की आपणही टाळ्या वाजवतो, हंडीसाठी कुणी रडत नाही. मला टाळीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती टाळीला भीती म्हणण्याबद्दल.

शिवाय सव्हिनी रोज सापडत नाही. आमच्याकडे मुंगळे सापडले.

खारवीदादा

माका विचारशात तर रगताची भीती आमका दाखवू नकात. आमी पाटेक चाराक बंदरार असतंव. लिलाव चालू झालो की पायाखाली रगात आणि बर्फाचा पाणी. सुरमयची मुंडी एका घावात. कोणाचा काळीज हलता? कोणाचाच नाय. बायल माणसा तेच हातान वडे खातत.

गेल्या साली एक होडी सांजेक येवची ती रात्री अकरापर्यंत इली नाय. थय एक थेंब रगात नाय होता. नुसतो वारो. तांडेलाची बायल जेटीर उभी रवान मोबायलाच्या बॅटरीन पाण्यार उजेड मारी होती. त्या उजेडान काय दिसतला? पण ती मारी होती. तेव्हा माजे पाय कापले. कित्याक? तांडेल माका म्हायत होतो. काय देवमाणूस नाय हां. दारू पिता, भांडता, माजे दोनशे रुपये तेच्याकडे अडाकलेले. पण म्हायत होतो.

(बाराक इली होडी. इंजिन बंद पडला होता. दोनशे रुपये अजून नाय गावले.)

सुरंगी

दादा, तुम्ही माझा अख्खा धागा दोनशे रुपयांत सांगितलात.

रात्रपाळी

मी एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, अपघात विभागात. नाव-गाव सांगत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. सिनेमातल्या एका माणसातून दोन बादल्या निघतात तेव्हा आम्ही मैत्रिणी हिशोब करत बसतो, हा आधी रक्तपेढीत जाऊन आला असणार. खरं रक्त उडतं कमी आणि पसरतं जास्त, आणि थोड्या वेळाने काळपट होतं. पण ते सोडा.

जखमांची सवय होते. पहिल्या सहा महिन्यांत होते. मला आजही ज्याची सवय झालेली नाही ती वेगळीच गोष्ट आहे. मागून धावत आलेल्या नातेवाइकांच्या पायात बरेचदा दोन वेगवेगळ्या चपला असतात. एक स्वतःची, एक दुसऱ्या कुणाची. दारातून मिळेल ती घालून निघालेले. मी त्या चपलांकडे बघायचं टाळते.

रक्तपट काढणाऱ्यांपैकी कुणीतरी एकदा तरी त्या चपला दाखवाव्यात. त्यांच्या सिनेमात मेलेल्यांना मागून येणारं कुणी नसतंच. रॉनीची आई कुठे आहे?

कोयताबंद

@रात्रपाळी, हे वाचून मघाचचा आवेश थोडा उतरला. चपलांचं लक्षात राहील.

तरीही एक भर. रक्ताशिवायही चालतं हे आम्हा रक्तप्रेमींना माहीत आहे. १९७४ चा 'टेक्सास चेन सॉ मॅसेकर' नावावरून खाटीकखाना वाटतो, पण त्यात रक्त फार थोडं दिसतं. दिग्दर्शक टोबी हूपरला सौम्य प्रमाणपत्राची आशा होती म्हणून त्याने हात आखडता घेतला. प्रमाणपत्र कडकच मिळालं! आकड्याला मुलगी लटकवतात तिथे आकडा अंगात शिरताना दिसत नाही. लोक शपथेवर सांगतात की दिसला.

आणि त्यातला चाकाच्या खुर्चीतला फ्रँकलिन. रडका, चिडका, सतत कुरकुरणारा. "न आवडणारं पात्र" म्हणाल तर याच्याइतकं कोण? पण तो का कुरकुरतो ते समजतं. सगळे उड्या मारत वर जातात आणि हा खाली एकटा खुर्चीत. म्हणून तो गेल्यावर घशात अडकतं. म्हणजे सुरंगीताई, तुमच्या "छान पोरं" या मुद्द्याला इथे छेद जातो. छान असायची गरज नाही.

गुर्जी_निवृत्त

कोयताबंद यांनी नेमकी जागा पकडली. सुरंगीताईंच्या लेखात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि ती सोडवली नाही तर सगळी चर्चा "पात्रं गोड हवीत" इथे जाऊन बसेल. मग आपल्याला भयपटाऐवजी सत्यनारायणाची पूजा बघावी लागेल.

वाईट माणूस आणि नकोसं पात्र यांत फरक आहे.

'रात्रीस खेळ चाले'चे अण्णा नाईक घ्या. आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली मालिका, २०१९ च्या दुसऱ्या भागात अण्णा जिवंत दिसले. माणूस कसा? बाईलवेडा, जमीनबळकाऊ, क्रूर. एकही गुण नाही. आणि अख्खा सिंधुदुर्ग रात्री साडेदहाला टीव्हीसमोर. का? त्याला काय हवं आहे, ते प्रत्येक दृश्यात दिसायचं. आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाच्या भावकीत एक अण्णा होता. माझ्या होता.

'तुंबाड' (२०१८) घ्या. विनायक लोभी आहे, बायकोशी वाईट वागतो, पोराला त्याच विहिरीत उतरवतो. तरी आपण त्याच्याबरोबर दोर धरून खाली उतरतो. कारण आपण त्याला लहानपणी पाहिलं आहे. साखळदंडातल्या म्हातारीला भरवणारा, धाकट्या भावाला सांभाळणारा पोर. त्याचा लोभ कुठे रुजला ती जागा आपल्याला ठाऊक आहे. त्या सिनेमात सर्वांत भयंकर वस्तू कोणती? पिठाच्या बाहुल्या! रक्ताने जे जमत नाही ते कणकेने केलं.

आणि सगळ्यांत जुना दाखला. रोमेरोचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. त्यातला कूपर नावाचा गृहस्थ भयंकर भांडखोर. तळघरात लपू या म्हणून हट्ट धरतो, नायक बेनशी सारखा वाद घालतो, प्रेक्षकाला वाटतं याचं थोबाड बंद करावं. शेवटी काय होतं? बेन रात्र काढतो ती त्याच तळघरात. नकोसा माणूस बरोबर होता! ही खरी पटकथा. त्याचा स्वभाव गोष्टीला वळण देतो. आजच्या रक्तपटातला आगाऊ मुलगा आगाऊ असतो कारण पटकथेत तिसऱ्या पानावर एक आगाऊ मुलगा लागतो. त्याच्या आगाऊपणातून काही निघत नाही.

तेव्हा मुद्दा आवडण्याचा नाहीच. ओळखीचा आहे. खारवीदादा आधीच बोलून गेले आहेत.

सुरंगी

गुर्जी, दंडवत. शब्द चुकला माझा. "छान" नव्हे. मागे घेते.

पेटारा

पात्रांवर पुष्कळ झालं. मी उसन्या कल्पनेवर बोलतो, कारण तिथे मला धागाकर्तीचं पटलेलं नाही.

आमच्या घरात दोन पिढ्या दशावतारी. दशावतारात नवीन गोष्ट कधी असते का? आख्यानं पुराणातली, सगळ्या गावाला पाठ. कोण मरणार हे पहिल्या रांगेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. लिहिलेली संहिता नाही. राजा, राक्षस, स्त्रीपार्टी, सगळे रंगपटात बसून "आज काय करायचं" एवढं ठरवतात आणि उभे राहतात. पुढचे संवाद तिथल्या तिथे. पेटी, मृदंग, झांज. आणि लोक पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत बसतात. म्हणजे शंभर टक्के उसनी गोष्ट, शेवट फुटलेला, तरी झोप येत नाही.

का येत नाही? माझे वडील राक्षस करायचे. ते म्हणायचे, गोष्ट देवाची, तोंड आपलं. ज्या गावात जत्रा असेल तिथल्या चार गोष्टी दुपारीच चौकशी करून ठेवायचे. कुणाची विहीर आटली, कुठला रस्ता अडला. रात्री राक्षस देवांना धमकी देताना त्यातलं एखादं वाक्य टाकायचे. सगळी जत्रा सरसावून बसायची. राक्षस आपल्या गावात आला!

उसनं घेणं पाप नाही. रोमेरोने तरी काय केलं? रिचर्ड मॅथेसनच्या १९५४ च्या कादंबरीतून कल्पना उचलली आणि तसं कबूलही केलं. पण त्याने ती आपल्या अमेरिकेत आणली, काळ्या नायकाला त्या घरात ठेवलं आणि सकाळी गोऱ्या टोळीकडून त्याला गोळी घालवली. तोंड त्याचं होतं.

अवांतर: राक्षस मेला की आमच्याकडे रक्त दाखवत नाहीत. नट मागच्या मागे पडतो, पडद्याआड जातो, आणि बऱ्याचदा दहा मिनिटांनी दुसरा वेष घेऊन परत येतो.

तांबडारस्सा

घाटावरून हजेरी. पेटाराशेठना दुजोरा म्हणून 'झपाटलेला' (१९९३). कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून, हे पोरासोरांनाही माहीत. पण तिथे फेरीवाल्याकडून विकत आणलेला बाहुला होता. आपल्याकडे महेश कोठारेंनी तो बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या लक्ष्याच्या हातात दिला. बाहुला घडवला रामदास पाध्यांनी, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. लक्ष्या हा बाहुल्यावर प्रेम करणारा माणूस, म्हणून बाहुल्यानेच घात केला तर बसतो. तात्या विंचू लहानपणी मला ज्या प्रकारे घाबरवून गेला, तसं नंतर कुठल्याही चार बादल्यांनी जमलं नाही. आजही माळ्यावर काढून ठेवलेला बाहुला मी पाठ करून ठेवतो.

उलट रामसेंनी 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वरून नव्वदच्या दशकात 'महाकाल' केला. खुन्याचा पात्यांचा पंजाही आला, स्वप्नंही आली. तिकडची मूळ भीती ही, की आईबापांनी लपवलेल्या गुन्ह्याची शिक्षा मुलांना झोपेत मिळते. ती गाण्यांच्या आणि विनोदाच्या गर्दीत कुठे गेली, शोधावी लागते. रामसेंवर माझं प्रेम आहे, गैरसमज नको. गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचो तेव्हा पहिली मागणी त्यांचीच.

राखणदार

मला एक वेगळाच राग आहे आणि तो इथे काढतो.

मुंबईची पाच पोरं कोकणात येतात, हे मी आता किती वेळा पाहिलं असेल! दरवेळी गावातला माणूस एकतर वेडसर, नाहीतर तोंड वाकडं करून "थय जाव नकात" म्हणणारा. तो अमेरिकन पेट्रोलपंपावरचा म्हातारा आहे. त्याला लुंगी नेसवली की कोकण झालं यांचं.

आणि भुतं? देवचाराला यांनी खुनी करून टाकलं. अहो, देवचार गावाची वेस राखतो. वाट चुकलेल्याला घरी आणून सोडल्याच्या गोष्टी आहेत त्याच्या. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो, चपला झिजतात! इतकं घरचं नातं आहे. आमच्या भुतांना नियम असतात, हक्क असतात, मान असतो. मान चुकला की कोप. म्हणजे इथली भीती कुणीतरी अनोळखी येऊन कापेल ही नाही. आपल्याकडून काहीतरी द्यायचं राहून गेलं, ही आहे. ते देवापुढच्या गाऱ्हाण्यात दरवर्षी म्हणतात ना, काय चुकला-माकला असात...

त्या जागी गोणपाटवाला बसवला की उसनी वस्तू नुसती शोभत नाही एवढंच होत नाही. इथली जी होती तीही जाते.

सुरंगी

@राखणदार, हे मला सुचलं नव्हतं. मी गोणपाटाचा प्रवास मोजत बसले आणि ते कुणाच्या जागेवर येऊन बसलं हे बघितलंच नाही.

आणि आता लिहिता लिहिता त्या शेजारच्या घराकडे लक्ष गेलं. अकरा महिने बंद घर. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली पाच वारलेली. एक भाऊ विकायचं म्हणतो, एक नाही म्हणतो, तिसरा फोन उचलत नाही. गणपतीला सगळे येतात आणि चुलीपाशी वेगवेगळे नारळ फोडतात. पोरं चार दिवस त्या घरात शूटिंग करत होती, आणि त्यांना ते घर "लोकेशन" वाटलं.

आगळचोर

मी तो भाचा. मावशीने लिंक पाठवली. सगळं वाचलं. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

एक बाजू मांडतो. आम्ही स्वतःसारखी पात्रं लिहायला घाबरलो. मी आईला रोज फोन करतो हे पडद्यावर दाखवायचं म्हणजे कॉलेजात वर्षभर ऐकून घ्यायचं. रॉनी उद्धट आहे, त्याला कुणी हसणार नाही. उद्धट लिहिणं सेफ असतं. उसनं लिहिणंही सेफ असतं, फसलं तर "ट्रिब्यूट होता" म्हणता येतं.

काल आम्ही शेजारच्या घरात परत गेलो, कॅमेरा न घेता. माजघराच्या भिंतीवर उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा आहेत. नावं आणि सालं लिहिलेली. एक रेघ १९९१ ची आहे, तिच्यापुढे नाव खरवडून काढलंय. आम्ही पाचही जण बराच वेळ तिथे उभे होतो. कुणी बोललं नाही.

नवीन लिहितोय. एकच माणूस. गणपतीच्या आदल्या दिवशी घर उघडायला एकटा येतो. बाकीचे भाऊ उद्या येणार. किल्ली लागत नाही. रक्त आहे, पण एकदाच. (कोयताबंद सर, एकदा तरी पाहिजेच.)

कोयताबंद

एकदा पुरे. पण नीट कर. पाकात बुरशी येते, ताजा बनव. आणि मुंगळ्यांसाठी कडेने हळदीची रेघ ओढ.

रात्रपाळी

रक्त थोड्या वेळाने काळपट दाखव.

खारवीदादा

आणि तो माणूस कोणाचे तरी पैसे लागता असो दाखव.

सुरंगी

ताजा कलम, आठवड्याने. पोरं उद्या जाणार. काल रात्री नव्या सिनेमाची पहिली सात मिनिटं ओटीवर दाखवली. अजून काहीच घडत नाही त्यात. एक माणूस पावसात उभा आहे, पिशवीत गणपतीच्या माटवीचं (मूर्तीवर टांगायच्या सजावटीचं) सामान, एका हाताने फोनवर भावाशी बोलतोय, दुसऱ्या हाताने कुलपाशी झटापट. भाऊ म्हणतो, किल्ली तीच आहे, मी गेल्या वर्षी याच किल्लीने बंद केलं. हा म्हणतो, नाही लागत. मग आतून कडी काढल्याचा आवाज येतो. तिथे कापलंय.

चहा आला होता. काकींनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या. मग भाच्याला म्हणाल्या, "अरे, पण गेल्या वर्साक घर बंद करताना आत कोण रवला नाय मां? मोजल्यांनी होते सगळे?"

भाचा माझ्याकडे बघतोय. हे त्याच्या पटकथेत नव्हतं.